अंड्यातला डोळा, अंड्यातली कात: कोळंबीच्या भ्रूणांवरच्या प्रकल्प नोंदी

२ जुलै २०२४, मंगळवार

विषय आज नक्की झाला. गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. तिच्या पोटाखालच्या अंड्यांत डोळा कसा तयार होतो आणि त्याच काळात भ्रूण अंड्याच्या आत कात टाकतो का, टाकत असेल तर केव्हा, हे पाहायचं. आमच्या पदव्युत्तर वर्गातल्या बऱ्याच जणांना अंड्याच्या आत कात टाकतात हेच ठाऊक नव्हतं. कात म्हटली की मोठा खेकडा आणि त्याच्या बाजूला पडलेलं त्याचं रिकामं कवच, एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण कवचधारी प्राण्यांचा भ्रूण अंड्यातच स्वतःभोवती एक अतिशय पातळ कवच तयार करतो, ते सुटतं, आणि त्याखाली दुसरं येतं. अमेरिकन लॉबस्टरच्या भ्रूणात कात टाकण्याचं हे चक्र कसं चालतं, ते हेल्युई आणि बेल्ट्झ यांनी १९९१ साली टप्प्याटप्प्याने मांडलं. आमच्याकडच्या कोळंबीत तेच साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं का, हा आमचा प्रश्न.

प्राणी मिळण्याची चिंता नाही. ट्रॉलर ३१ जुलैपर्यंत बंद आहेत, पण नदीतली मासेमारी चालू असते. गोव्यातल्या मांडवी नदीच्या वरच्या अंगाला, जिथं पावसात पाणी गोडं होतं, तिथं जाळं टाकणाऱ्या एका काकांना सांगून ठेवलंय. गाबोळी धरलेली सुंगटं सापडली तर बर्फावर टाकू नका, बादलीत जिवंत ठेवा. त्यांनी एवढंच विचारलं, "खाणार नाही तर नेता कशाला?" सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी नीट, आणि स्वतःहून म्हणाले की करडी झालेली गाबोळी वेगळी ठेवीन, ती लवकर सुटते. ते बरोबर आहे. अंडी करडी दिसतात ती भ्रूणाचे डोळे काळे झाल्यामुळे आणि बलक संपत आल्यामुळे.

६ जुलै, शनिवार

काल रात्री मोठ्या टाकीतल्या मादीने कात टाकली. निळ्या नांग्यांचा नर तिच्याभोवती पाय रोवून उभाच होता. या जातीत मादी कात टाकल्यावर, अंग मऊ असतानाच, जोडी जमते आणि त्यानंतर काही तासांत अंडी बाहेर येतात. सकाळी आलो तर पोटाखाली केशरी घोस. नराला लगेच दुसऱ्या टाकीत हलवलं.

आता ही मादी अंडी फुटेपर्यंत कात टाकणार नाही. टाकली तर जुन्या कवचाबरोबर अंडीही जातील, कारण ती पोहण्याच्या पायांवरच्या केसांना चिकटलेली असतात. म्हणजे पुढचे जवळपास तीन आठवडे आईची कात रोखलेली, आणि तिच्याच पोटाखाली हजारो भ्रूण आपापल्या अंड्यात कात टाकत असणार. या प्रकल्पात मला सगळ्यात जास्त ओढ या गोष्टीची आहे. संप्रेरकांचं रसायन दोघांत एकच, पण एकीकडे ब्रेक लावलेला आणि दुसरीकडे गाडी चालू.

ब्रेक कुठं असतो, हे वहीत एकदाच नीट लिहून ठेवते. कात घडवून आणणारं संप्रेरक, म्हणजे एक्डायसोन आणि त्यापासून होणारं २०-हायड्रॉक्सीएक्डायसोन. ते वाय-ऑर्गन नावाच्या ग्रंथींच्या जोडीपासून येतं. या ग्रंथी डोक्या-छातीच्या भागात असतात. गाबे यांनी त्या १९५३ साली वर्णन केल्या. त्यांना आवर घालणारं संप्रेरक मात्र डोळ्याच्या देठातून येतं. देठातल्या एक्स-ऑर्गनमधल्या चेतापेशी ते बनवतात आणि सायनस ग्रंथीत साठवून तिथून रक्तात सोडतात. देठ काढला की ब्रेक सुटतो आणि कात लवकर पडते. झेलेनी यांनी १९०५ साली फिडलर खेकड्यांत हे पाहिलं, तेव्हा संप्रेरक हा शब्दच नुकता रुळत होता.

कोळंबीच्या हॅचरीत अंडाशय लवकर पिकावा म्हणून मादीचा एक देठ चिमटून काढतात, ते याच देठातल्या दुसऱ्या एका आवर घालणाऱ्या संप्रेरकामुळे. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, हा प्रयोग करायचा का. मी नाही म्हटलं. आम्हाला जे पाहायचंय त्याला आईचा डोळा काढायची गरज नाही, आणि गरज नसताना तो काढणं मला पटत नाही. मॅडमनी मान्य केलं.

९ जुलै, मंगळवार

अंडी अजून सगळी केशरी आहेत. आत डोळ्याचा पत्ता नाही. तेवढ्यात मोठ्या प्राण्याच्या देठात काय असतं ते हाताने पाहून घ्यावं म्हणून बाजारातून आणलेल्या कुर्लीचा देठ उघडला. ती बर्फात मेलेली होती, पण ताजी.

देठ मुळाशी कापून वाटीत मिठाच्या पाण्यात ठेवला. कात्रीच्या टोकाने कवचावर दोन लांब काप, वरची पट्टी उचलली. खाली स्नायू, काळपट रंगद्रव्याचा थर, तो सुईने बाजूला केल्यावर चेतांचे गोळे, एकापुढे एक. त्यांच्यामधल्या खाचेत, एका बाजूला, निळसर पांढरा ठिपका. आजूबाजूचं सगळं दुधाळ, धूसर, आणि हा एवढाच चकाकणारा. हीच सायनस ग्रंथी. तिचा निळेपणा रंगद्रव्याचा नाही. आतल्या सूक्ष्म कणांवरून प्रकाश विखुरतो म्हणून ती निळी दिसते. प्रकाशाचा कोन बदलला की ती जवळजवळ नाहीशी होते आणि परत फिरवला की पुन्हा दिसते. प्रकल्पातली माझी जोडीदारीण दिवा धरून होती, तिने तो मुद्दाम पुन्हा पुन्हा फिरवला. आमच्या प्रयोगशाळेतल्या मावशींनाही बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आम्ही आजवर डोळे तोडून फेकतच आलोय."

एवढ्याशा ठिपक्यात कात रोखणारं, अंडाशय रोखणारं, रक्तातली साखर वाढवणारं, अशी सगळी संप्रेरकं. ती एकमेकांच्या नात्यातली आहेत, एकाच कुळातली प्रथिनं.

१२ जुलै, शुक्रवार

आज घोसाच्या वेगवेगळ्या भागांतून चिमट्याने थोडी अंडी काढली. मादीला ओल्या फडक्यात धरलं, डोळ्यांवर फडकं आलं की ती शांत राहते. अंडं लंबगोल, लांबीला जेमतेम अर्धा मिलीमीटरच्या थोडं वर. बलकाचा केशरी रंग ॲस्टाझँथिन या कॅरोटिनॉइडचा, तो बलकाच्या प्रथिनांना बांधलेला असतो.

बलकाच्या एका टोकाला पारदर्शक पट्टा. त्यावर दोन्ही बाजूंना फुगवटे आणि त्यामागे छोट्या कळ्यांच्या तीन जोड्या: शृंगिका, दुसऱ्या शृंगिका आणि जबडे. हीच अंड्यातली नॉप्लियस अवस्था, तीनच अवयव-जोड्यांची, सगळ्यात सुरुवातीची. झिंग्यांमध्ये (टायगर कोळंबी, पांढरी कोळंबी) ही नॉप्लियस अंड्यातून बाहेर पडून समुद्रात पोहते. आमच्या कोळंबीत ती अंड्यातच पार पडते. याच अवस्थेत भ्रूणाभोवती पहिलं पातळ कवच तयार होतं, आणि ती त्याची पहिली कात. आमच्या सूक्ष्मदर्शकात ते कवच वेगळं दिसलं नाही. बलकाचा रंगच इतका दाट आहे.

पुढे कळ्यांच्या समोरचे ते दोन फुगवटे म्हणजे डोळ्यांच्या पाळ्या. अजून रंगहीन. इथं आधी चेतापेशींची वाढ होते, डोळा मागाहून काळा होतो. हे लक्षात ठेवायला हवं, कारण मोजणार आहोत ते रंगद्रव्य. डोळा सुरू कधी झाला आणि डोळा दिसायला कधी लागला, या दोन वेगळ्या तारखा आहेत.

१४ जुलै, रविवार

डोळा दिसला.

पाळीच्या कडेला तांबूस तपकिरी चंद्रकोर, अगदी बारीक. बोटाने स्लाइड थोडी सरकवली की हरवते. दोन्ही बाजूंना एकेक, आणि मध्ये एक लहानसा गडद ठिपका, तो नॉप्लियस डोळा, म्हणजे त्या सुरुवातीच्या अवस्थेचा साधा, एकटा डोळा. तिन्ही एकाच वेळी फोकसमध्ये येत नाहीत. चंद्रकोरीचा रंग ओमोक्रोम गटातल्या रंगद्रव्यांचा. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून ती बनतात. डोळ्याच्या एकेका घटकाभोवती ही रंगद्रव्यं पडद्यासारखी बसतात, शेजारच्या घटकाचा उजेड इकडे येऊ देत नाहीत.

मोजमापाची पद्धत पर्किन्स यांची, १९७२ मध्ये लॉबस्टरसाठी मांडलेली. डोळ्याच्या काळ्या भागाची लांबी आणि रुंदी मोजायची, दोन्हींची सरासरी म्हणजे नेत्र-निर्देशांक. लॉबस्टरची अंडी महिनोन्महिने आईच्या पोटाखाली असतात आणि वाढ तापमानावर ठरते, म्हणून दिवस मोजण्यापेक्षा डोळा मोजणं त्यांना सोयीचं वाटलं. आम्हालाही तेच हवंय. आज: लांबी १५० मायक्रोमीटर, रुंदी ३०, निर्देशांक ९०. अंडं ड्रॉपरने फिरवून डोळा सपाट आल्याशिवाय माप घ्यायचं नाही, असं ठरवलं. तिरक्या डोळ्याची रुंदी फसवते.

१७ जुलै, बुधवार

आषाढी एकादशी. सकाळी घरी पूजा उरकून दुपारी प्रयोगशाळेत. उद्या माशेलला चिखलकाला, पण अंडी थांबत नाहीत, म्हणून आजच जास्त वेळ बसले.

लांबी १९०, रुंदी ७०. चंद्रकोर आता स्वल्पविरामासारखी जाड. हृदय धडधडताना दिसतं, पाठीकडून. बलक आक्रसून एका बाजूला गेल्यामुळे भ्रूणाचं अंग जास्त मोकळं दिसतंय. पोट पुढे दुमडून त्याचं टोक, म्हणजे टेलसन, डोळ्यांच्या मध्ये येतं. ही फार सोयीची गोष्ट निघाली: डोळा आणि टेलसन एकाच नजरेत येतात. डोळ्यावरून वय कळणार, टेलसनवरून कात.

संध्याकाळी संप्रेरक मुळात येतं कुठून यावर वाचलं. भ्रूणाची स्वतःची वाय-ऑर्गन तयार होण्याच्या आधीच अंड्यात एक्डायस्टेरॉइड, म्हणजे एक्डायसोनच्या गटातली संप्रेरकं, असतात, कारण आई ती अंडाशयातच भरून देते. वाइल्डर आणि त्यांच्या जपानमधल्या सहकाऱ्यांनी नेमक्या याच कोळंबीत, अंडाशय पिकत जातो तसतसा तिथला एक्डायस्टेरॉइडचा साठा वाढतो, हे दाखवलंय. त्यातला काही भाग दुसऱ्या रेणूंना जोडून निष्क्रिय करून ठेवलेला असतो, लागेल तसा सोडवून घेता येतो. म्हणजे भ्रूणाची पहिली कात आईच्या शिदोरीवर आणि नंतरची स्वतःच्या कमाईवर, अशी विभागणी असावी. बदल नेमका कधी होतो हे आमच्या साधनांनी कळणार नाही. संप्रेरक मोजायचा संच परवडणारा नाही, आणि एवढ्याशा अंड्यांतून पुरेसा अर्क काढणंही सोपं नाही. हॅम्पशायर आणि हॉर्न यांना १९६६ साली एक टन लॉबस्टरमधून फक्त दोन मिलिग्रॅम २०-हायड्रॉक्सीएक्डायसोन मिळालं होतं. आपण त्याच्या खुणा वाचायच्या.

२० जुलै, शनिवार

आजची नोंद महत्त्वाची आहे, म्हणून लांबवर लिहिते.

लांबी २६०, रुंदी १३०, निर्देशांक १९५. डोळ्याच्या कडेला किरणांसारख्या रेघा: ओमॅटिडियम, संयुक्त डोळ्याचे घटक, एकामागून एक मांडले जातायत. नवे घटक कडेला जोडले जातात, मधले जुने.

आता टेलसन. १७ तारखेला त्याची कडा एकाच रेघेची होती. आज त्या कडेला दोन रेघा आहेत. बाहेरची अतिशय बारीक, गुळगुळीत, सुरकुतलेली; आतली जाडसर, दाणेदार, जिवंत पेशींची. दोन्हींमध्ये स्वच्छ, काचेसारखी फट. ४० च्या लेन्सखाली डायफ्रॅम बंद करत नेला तेव्हा फट स्पष्ट झाली. जुनं कवच पेशींपासून सुटलंय. कात टाकण्याच्या चक्रातला हा महत्त्वाचा क्षण. द्राक यांनी १९३९ साली कात टाकण्याचे टप्पे ए ते ई असे लावले, त्यात डी टप्प्याची सुरुवात इथं होते.

फटीच्या आत, नव्या कडेवर, केसांची मुळं आत ओढलेली दिसतात, बोटमोज्याची बोटं आतून उलटी असावीत तशी. अंड्यातून बाहेर आल्यावर लार्व्हाच्या, म्हणजे पिल्लाच्या, टेलसनवर केसांच्या सात जोड्या असतात. त्या इथं आत्ताच तयार होतायत, जुन्या कवचाखाली.

घोसाच्या बाहेरच्या बाजूची आणि आतल्या बाजूची अंडी वेगवेगळी पाहिली. आतल्या काही अंड्यांत डोळा किंचित लहान होता, आणि त्यांत फट नव्हती किंवा अर्धवट होती. म्हणजे एकाच मादीच्या घोसातही सगळी अंडी एका चालीने जात नाहीत. तारखेपेक्षा डोळा जास्त खरा बोलतो, याचा हा पुरावा मला पुरेसा वाटला.

२१ जुलै, रविवार

पाऊस थांबला म्हणून मामाबरोबर खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधावर गेले, मानशीच्या (पाणी अडवण्या-सोडण्याच्या) दरवाज्यापाशी. भरतीला दार बंद, ओहोटीला उघडं. कोळंबी आणि खेकडे इथंच अडकतात. बांधाच्या उतारावर धापा पसरलेला, जाड रसाळ पानांचा, तांबूस देठांचा. सेसुव्हियम पोर्टुलाकास्ट्रम. या धाप्यात २०-हायड्रॉक्सीएक्डायसोन असतं. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या रसायनशास्त्रज्ञांनी भारतीय वनस्पतींतून ते वेगळं केल्याची नोंद १९७१ ची आहे. आघाड्यातही ते असतं, गणपतीच्या पत्रीत असतो तोच आघाडा. आणि पालकातही.

वनस्पतीला कात टाकायची नसते. मग तिनं हे का बनवावं? पान खाणाऱ्या किड्याच्या काताला अवेळी धक्का बसावा म्हणून, असं सर्वसाधारणपणे मानतात. मामा म्हणाला, "म्हणजे कुर्लीचं औषध कुर्लीच्याच बांधावर उगवतं." औषध म्हणणं थोडं पुढचं झालं, पण हसून मान डोलावली. धाप्याच्या अर्कात अंडी ठेवून पाहण्याचा मोह होतो. या वेळी नाही. आधी साधी चाल नीट मोजून होऊ दे.

२३ जुलै, मंगळवार

लांबी ३२०, रुंदी २००, निर्देशांक २६०. घोस आता पूर्ण करडा. काळे डोळे, आणि अंगावर लाल ठिपक्यांचे रंगपेशी पसरलेले.

थंड खोलीत, २५ अंशांवर ठेवलेल्या दुसऱ्या मादीचीही अंडी पाहिली. तिने अंडी कधी घातली ते आम्हाला ठाऊक नाही. काकांकडून ती केशरी घोसासकटच आली. पण डोळा ठाऊक आहे: निर्देशांक १६० च्या आसपास. टेलसनची कडा अजून एकेरी. २०० कडे पोचली की फट येते का, ते पाहायचं.

रात्री वीज गेली, बराच वेळ. एअरेटरला बॅटरी जोडलेली होती, निभावलं. थंड खोलीचं पाणी मात्र दोन अंशांनी वर गेलं. त्याची वेळ तक्त्यात टाकली.

२६ जुलै, शुक्रवार

रात्री अंडी फुटली. ती बहुधा रात्रीच फुटतात. मादी पोहण्याचे पाय जोरजोरात हलवत होती आणि दर फटकाऱ्याला पिल्लांचा पुंजका बाहेर. चिमणीसारखा दिवा टाकीच्या कोपऱ्यात लावला तर सगळी तिकडे जमली, शेपूट वर, डोकं खाली, उलटी पोहत. लांबी सुमारे दोन मिलीमीटर. ताबडतोब १२ पीपीटीच्या (हजार भागांत १२ भाग क्षार) निमखाऱ्या पाण्यात हलवली. गोड्या पाण्यात ती काही दिवसांतच मरतात. नदीत त्यांना प्रवाह खाली खाडीकडे नेतो.

तळाशी साचलेली रिकामी कवचं ड्रॉपरने उचलून स्लाइडवर ठेवली. अंड्याच्या कवचात घडी झालेला दुसरा पडदा, इतका बारीक की पाण्याची वलयं थांबल्यावरच कळला. त्याच्या एका टोकाला टेलसनच्या आकाराची खूण. २० तारखेला सुटलेली ती कात आत्ता, बाहेर पडताना, अंगावरून उतरली. जोडीदारिणीने फोटो काढले, एक तरी स्पष्ट येईल.

पिल्लांचे डोळे मोठे, काळेभोर, आणि देठाविना. सरळ डोक्याला बसलेले. त्यांच्यावरचे दर्शनी घटक षट्कोनी. मोठ्या कोळंबीच्या डोळ्याचे घटक चौरस असतात, आणि त्यांच्या कडा आरशासारखं काम करून अनेक घटकांचा उजेड एका जागी आणतात. हे फोख्ट आणि लँड यांनी १९७५-७६ च्या सुमारास उलगडलं. पिल्लांचा डोळा तसा नाही. त्यांना मिळतो तो खाडीच्या मोकळ्या पाण्यातला, भरपूर उजेड. रचना पुढे, लार्व्हाची अवस्था संपताना बदलते.

मादी दुपारपर्यंत चाचपडत पोटाखालचे केस साफ करत होती. आता तिचा ब्रेक सुटेल.

२८ जुलै, रविवार

दुसरी अवस्था. टाकीतल्या बऱ्याच पिल्लांनी काल रात्री कात टाकली आणि त्यांच्या डोळ्यांना देठ आले.

हे पुस्तकात वाचलेलंच होतं. रोझेनबर्गीच्या लार्व्हाच्या अकरा अवस्था, पहिलीत डोळे बसके, दुसरीपासून देठावर. पण एका वाटीत दोन्ही शेजारी पाहणं वेगळं. एकाचे डोळे डोक्यात रुतलेले, दुसऱ्याचे बाजूला निघालेले, हलणारे. मधे एक कात.

आता हे नीट लिहायला हवं, नाहीतर चुकीचा अर्थ निघेल. मोठ्या प्राण्यात कात रोखणारी ग्रंथी देठात असते. म्हणून कोणी म्हणेल की देठ नाही तोवर ब्रेक नाही. तसं नाही. चुंग आणि वेब्स्टर यांनी २००४ साली किनारी खेकड्याच्या भ्रूणांत दाखवलंय की कात रोखणारं आणि साखर वाढवणारं, ही दोन्ही संप्रेरकं बनवणाऱ्या पेशी अंड्यातच, डोळ्याच्या सुरुवातीच्या काळातच, तयार असतात. ग्रंथी डोळ्याच्या मागच्या चेतांच्या गोळ्यांबरोबर येते. देठ ही तिची नंतर मिळणारी जागा. आणि ती जागा मिळायला आधी कात पडावी लागते. मॅडमना हे वाक्य असंच सांगितलं, त्यांनी प्रबंधात घाल म्हणून सांगितलं.

खाण्यासाठी आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या एका बारीक कवचधारी प्राण्याची, पिल्लं आज पहिल्यांदा टाकली. त्यांना एकच डोळा असतो, कपाळाच्या मधोमध, तोच नॉप्लियस डोळा. आमच्या पिल्लांनाही तो आहेच, दोन मोठ्या डोळ्यांच्या मध्ये.

२ ऑगस्ट, शुक्रवार

ट्रॉलर काल सुटले, बाजार भरलाय. प्रयोगशाळेत मात्र आज फक्त आकडे.

थंड खोलीतल्या मादीची अंडी पाहिली: फट आली. तेव्हा निर्देशांक २०० च्या आसपास. म्हणजे दिवसांवर मांडलं तर दोन मादींच्या रेघा एकमेकींपासून दूर जातात, आणि डोळ्यावर मांडलं तर जवळजवळ एकावर एक येतात. तापमानाने दोन्ही गोष्टी सारख्याच मंदावल्या. मी आनंदात होते. मॅडमनी आलेखाकडे बघून शांतपणे विचारलं, "यातून डोळ्यामुळे कात पडते असं तू म्हणणार आहेस का?"

म्हणणार नाही. दोन्ही एकाच तापमानाच्या हातात आहेत, एवढंच या आलेखातून निघतं. डोळा भ्रूण कुठल्या टप्प्याला आहे हे सांगतो, आणि चांगला सांगतो, पण कात कोणी घडवली हे त्याला विचारता येणार नाही. त्याचं उत्तर टेलसनच्या कडेवरही नाही. ते वाय-ऑर्गनमध्ये आणि बलकातल्या आईच्या शिदोरीत आहे, आणि ते मोजल्याशिवाय पुढचं वाक्य लिहायचं नाही.

त्यामुळे यापुढच्या घोसांतले भ्रूण तीन टप्प्यांत, निर्देशांक १५०, २०० आणि २५० च्या आसपास, काढून ठेवणार आहोत. निम्मे बोइनच्या द्रावात (ऊती जशाच्या तशा टिकवणारं रसायन) स्थिर करून, छेद घेऊन वाय-ऑर्गन कुठं दिसतं ते शोधायला, निम्मे गोठवून, संप्रेरक मोजणारी एखादी प्रयोगशाळा तयार झाली तर तिच्यासाठी. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून झाल्या: मादी, तापमान, निर्देशांक, फट आहे किंवा नाही. तारीख शेवटी, लहान अक्षरात.